पेटीवाल्याचा विनोद

विष्णुपुरीच्या विद्यापीठात किंवा मेडिकलच्या होस्टेलवर पु. ल. देशपांड्यांची 'म्हैस' ही कथा मोबाइलवर ऐकून पोट धरून हसणाऱ्या मुलांना आज माझी एक विनंती आहे. हसून झालं की तीच 'म्हैस' पुन्हा लावा आणि मैफल ऐकावी तशी ऐका.

पु. ल. (1919–2000) लेखक, नट, संगीतकार, सगळंच होते. 1953 च्या 'गुळाचा गणपती'चं लेखन, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिकाही त्यांचीच. 'नाच रे मोरा'ची चाल तर आपण बालवाडीपासून गुणगुणतो. पण त्यांच्या विनोदाचं मूळ मला ते वाजवत त्या पेटीत, म्हणजे हार्मोनियममध्ये, सापडतं.

पेटी मोठी अडचणीची. तिचे सूर पट्ट्यांत बांधलेले, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणारी गळ्यातली मींड तिच्यातून निघत नाही. अशाच आक्षेपांवरून आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली. पु. ल. 1955 मध्ये आकाशवाणीत आले, तेव्हाही ती उठलेली नव्हती! मींडेची उणीव पेटीवाला भात्याच्या दाबानं भरून काढतो, सूर नेमका कुठं सोडायचा याच्या जाणिवेनं भरून काढतो. साथीला बसला तर गवई कुठं वळणार हे आधी ओळखायचं आणि तरीही त्याच्या पुढं जायचं नाही.

पेटीवाल्याची ही जाण ध्यानात ठेवून आता 'म्हैस'मधल्या एसटीतली माणसं ऐका. कंडक्टर, पुढारी, म्हशीचा मालक, प्रत्येकाची पट्टी निराळी, लयही निराळी. मुख्य म्हणजे पु. ल. हशा वसूल करायला वाक्य ठासून म्हणत नाहीत. ते सहज समेवर येतात. लोक हसायला लागले की थांबतात, हशा ओसरू देतात, मगच पुढचं वाक्य उचलतात. ही थांबण्याची जाण मला त्यांच्या कोटीबाजपणापेक्षा कितीतरी मोठी वाटते.

त्यानंतर आपल्या मराठवाड्याच्या लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' लावा. एकटा माणूस 52 पात्रं उभी करतो, आणि लय आपल्या बोलीची, द्रुत, ठसक्याची. पु. ल. त्यामानानं मध्यलयीत रमतात. दोन्ही लागोपाठ ऐका. पात्र बदलताना श्वास कुठं घेतला, एवढंच पहिल्यांदा शोधा.