डावखुरा बाळू

पुण्यातील गोऱ्या साहेबांच्या क्लबात दरमहा 4 रुपयांवर खेळपट्टी झाडणारा एक चर्मकार मुलगा सरावासाठी त्यांस तासन्‌तास चेंडू टाकी. बॅट मात्र त्याच्या हाती कोणी दिली नाही. हेच पुढे प्रसिद्धीस आलेले फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर. हिंदूंच्या संघाने त्यांस मैदानावर घेतले खरे, पण चहा मिळे तो तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात! चेंडूस मात्र विटाळ नव्हता. 1906 साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांचा 109 धावांनी पराभव केला, त्यात बाळूंचा वाटा मोठा. 1911 च्या विलायत दौऱ्यात संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी एकट्याने 114 बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे रीतसर कर्णधारपद त्यांजकडे कधीच आले नाही. 1923 साली ते मिळाले त्यांच्या धाकट्या बंधूंस, विठ्ठल यांस.