एका रात्रीचा मुक्काम



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांच्याच घरच्या एका आठवणीने प्रारंभ करतो.

बाहेरून येऊन वसणाऱ्यांचे हे सचिन गाव जुनेच. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील बालू मियाँला १७९१ साली हे संस्थान मिळाले. पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि ताप्ती लाइनने खानदेशातील कुटुंबे पोटासाठी इकडे आली. आमचेही त्यांतलेच. एका खोलीत सहा माणसे आणि वडिलांची रातपाळी. परीक्षा जवळ आली की आम्ही चार-पाच मुले वह्या आणि चादर घेऊन गुरुजींच्या ओसरीवर मुक्कामाला जात असू.

हल्ली मुले मित्राकडे रात्री राहायला जातात. त्याला ‘स्लीपओव्हर’ म्हणतात. शब्द नवा आहे, रीत मात्र आपल्याला परकी नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. त्या रात्री भाऊबंदांची सारी मुले एकाच घरी जागतात, अहिराणी गाणी ऐकतात आणि जागा मिळेल तेथे झोपी जातात. मामाच्या गावच्या अंगणातही आपण असेच झोपलो आहोत.

अशा रात्रीतून मूल काय शिकते? दुसऱ्याच्या घरी आमटीची चव निराळी असते, दिवा मालवण्याची वेळ निराळी असते. आपल्या घरची रीत हीच जगाची रीत नव्हे, हे त्याला न शिकवता उमगते.

परंतु या आनंदाला जबाबदारीची बाजू आहे. ती मी चुकून शिकलो. माझ्या मुलाचा वर्गमित्र एकदा आमच्याकडे राहिला होता. मध्यरात्री तो रडू लागला. मी म्हणालो, “एवढा मोठा झालास आणि रडतोस काय? सकाळी जा.” तो गप्प झाला. मी समाधानाने झोपलो. पहाटे पाहतो तो मुलगा भिंतीला टेकून जागाच बसलेला. तो पुन्हा आमच्या घरी आला नाही.

त्या पहाटे मला गुरुजी आठवले. ओसरीवर एका रात्री मीही असाच रडलो होतो. गुरुजींनी काही विचारले नाही. बॅटरी घेतली, माझा हात धरला आणि मला घरी पोहोचवले. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी त्याचा उच्चारही केला नाही. म्हणूनच पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्यांच्या ओसरीवर गेलो.

पालकहो, मुलाला पाठविण्यापूर्वी ते घर आणि तेथील माणसे अवश्य जाणून घ्या. रात्री घरात कोण असेल, हे विचारण्यात संकोच नको. “नको वाटले तर कितीही वाजता कळव, आम्ही येऊ,” हे त्याला सांगून ठेवा. आणि ज्यांच्या घरी मुले येतील त्यांनी खाऊ, सजावट यांची चिंता थोडी कमी करावी. परत जाऊ म्हणणाऱ्या मुलाची थट्टा होणार नाही, एवढे मात्र पाहावे.

परतीची वाट मोकळी आहे हे ठाऊक असलेले मूलच परक्या घरी निश्चिंत झोपते. गुरुजींनी हे व्याख्यान देऊन सांगितले नाही. ते बॅटरी घेऊन माझ्याबरोबर चालले. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.