बोधचिन्ह : स्पर्धेतून की कारागिराकडून?

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या बोधचिन्हाचा विषय गेले काही महिने चर्चेत आहे. आजवर आपण पावतीपुस्तकावर एक गणपती छापत आलो, स्मरणिकेवर दुसरा, आणि फ्लेक्सवर छापणाऱ्याकडे जो तयार असेल तो तिसरा. आता मंडळाला एकच आणि कायमचे चिन्ह हवे, याबद्दल दुमत नाही. दुमत आहे ते चिन्ह मिळवायचे कसे याबद्दल. एक सूचना अशी, की इंटरनेटवर खुली स्पर्धा जाहीर करावी, देशभरातून चित्रे मागवावीत आणि पहिले बक्षीस ५,१०० रुपये ठेवावे. दुसरी सूचना अशी, की एखाद्या जाणकार डिझायनरला रीतसर मोबदला ठरवून काम द्यावे. कार्यकारिणीने आम्हा तिघांना दोन्ही बाजू तपासायला सांगितले. आमचे जे मत झाले ते आपल्यापुढे ठेवतो.

स्पर्धेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. सभासदांचा पैसा वाचतो, शंभर कल्पना समोर येतात, तरुणांना वाव मिळतो. शिवाय सरकारच स्पर्धा घेते, मग आपण का घेऊ नये, असेही विचारले गेले. प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी सरकारी स्पर्धांकडेच पाहू.

रुपयाचे चिन्ह स्पर्धेतूनच आले. अर्थमंत्रालयाने २००९ साली स्पर्धा जाहीर केली, तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने डी. उदय कुमार यांच्या चिन्हाला मान्यता दिली. बक्षीस होते अडीच लाख रुपयांचे. आता हे उदय कुमार कोण? आयआयटी मुंबईच्या डिझाइन केंद्रात अक्षररचनेचा अभ्यास केलेले संशोधक. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' एकाच आकृतीत बसवण्यामागे अनेक वर्षांचा अभ्यास होता.

दुसरे उदाहरण आपल्या माणसाचे. स्वच्छ भारत अभियानाचे चिन्ह, म्हणजे गांधीजींचा चष्मा, एका भिंगावर 'स्वच्छ' आणि दुसऱ्यावर 'भारत', हेही २०१४ साली खुल्या स्पर्धेतून निवडले गेले. ते कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचे. तेही याच व्यवसायातले.

तिसरे उदाहरण परदेशातले. २०२० च्या टोकियो ऑलिंपिकचे पहिले बोधचिन्ह एका नामवंत डिझायनरने केले होते. बेल्जियममधल्या एका नाट्यगृहाच्या चिन्हाशी ते मिळतेजुळते असल्याचा वाद झाला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये ते मागे घ्यावे लागले. म्हणजे व्यावसायिकाला काम दिले की वाद होतच नाहीत, असे आम्ही म्हणणार नाही. त्यानंतर जपानने खुली स्पर्धा घेतली आणि १४,५९९ प्रवेशिका आल्या. एप्रिल २०१६ मध्ये निवड झाली ती आसाओ तोकोलो यांची. हे वास्तुकलेचे शिक्षण घेतलेले कलावंत.

तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसते. स्पर्धा घेतली म्हणून जाणकाराची गरज संपली नाही. शेवटी चिन्ह जाणकारानेच केले. फरक इतकाच, की एकाला बक्षीस मिळाले आणि बाकी हजारोंची मेहनत फुकट गेली. देशाचे चलन किंवा ऑलिंपिक असेल, तर नावासाठी म्हणून चांगले कलावंत तेवढी जोखीम घेतात. आपल्या मंडळाच्या ५,१०० रुपयांसाठी ते कशाला घेतील? आपल्याकडे येतील त्या घाईघाईने केलेल्या किंवा इंटरनेटवरून उचललेल्या आकृत्या. त्यातली उचललेली कोणती, हे शोधायचे काम मात्र आपल्या माथी.

आता आपल्या घरातले उदाहरण घेऊ. गणपतीची मूर्ती आपण कशी आणतो? शंभर मूर्तिकारांना सांगतो का, की सगळ्यांनी मूर्ती घडवा, रंगवा, मंडपात आणून ठेवा, एक आम्ही घेऊ आणि नव्याण्णव परत न्या? असे कोणी केले तर आपणच त्याला बोल लावू. आपण महिने-महिने आधी मूर्तिकाराकडे जातो, त्याच्या आधीच्या मूर्ती पाहतो, उंची आणि बैठक ठरवतो, इसार देतो आणि मग त्याच्या हातावर विश्वास ठेवतो. मातीच्या कामाला जो न्याय, तोच रेषेच्या कामाला का नको? या सभागृहात बसलेल्या काही घरांतली मुले-मुली आज डिझाइनचे शिक्षण घेत आहेत. उद्या त्यांनाही कोणी 'आधी फुकट करून दाखवा, आवडले तर बघू' असे म्हणावे, हे आपल्याला चालेल का?

आम्ही सरकारी खात्यात काम करणारी माणसे. सिमेंट आणि गिट्टी घ्यायची असेल तर प्रमाण ठरलेले असते, म्हणून कमीत कमी दराची निविदा चालते. पण इमारतीचा नकाशा त्या हिशेबाने करून घेत नाहीत. तिथे आधी पात्रता पाहतात, मग दर. बोधचिन्ह हा मंडळाचा नकाशा आहे.

आणखी एक मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्पर्धेतला माणूस आपल्याला प्रश्न विचारत नाही. तो जाहिरातीतल्या चार ओळी वाचतो आणि 'महाराष्ट्र मंडळ' म्हटल्यावर पुणेरी पगडी, नथ आणि ढोल काढून पाठवतो. आपण पुण्याहून गेल्या वर्षी आलेलो नाही. आपल्यापैकी कित्येक घरे होळकरांच्या काळापासून माळव्यात आहेत, काही पुढे गिरण्यांच्या आणि रेल्वेच्या निमित्ताने आली. आपल्या घरांत मराठी बोलली जाते ती थोडी माळवी वळणाची. आपला वारसा पर्वतीपेक्षा महेश्वरच्या घाटाच्या अधिक जवळचा. महेश्वरी साडीच्या काठावर तिथल्या किल्ल्याचे आणि घाटाचे नक्षीकाम उतरले, तसे काही आपल्या चिन्हात उतरू शकेल का? हे कळायला समोर बसून चार गोष्टी विचाराव्या लागतात. चांगला डिझायनर पेन्सिल उचलण्याआधी तेच करतो.

अक्षरांचेच घ्या. मराठी वळणाचा 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात ही वळणे प्रमाण म्हणून दिली आहेत. इथल्या पाट्यांवर आणि संगणकावरच्या अनेक फाँटमध्ये मात्र या दोन अक्षरांची हिंदी रूपे असतात. हिंदीशी आपले भांडण नाही. आपली मुले तिच्यातच शिकतात. पण म्हणूनच त्यांना मराठी 'ल' दिसण्याच्या जागा फार थोड्या उरल्या आहेत. मंडळाच्या चिन्हावर तरी तो असावा. हजार किलोमीटरवरून प्रवेशिका पाठवणाऱ्याला हे सुचणार नाही, आणि सुचले नाही म्हणून त्याला दोषही देता येणार नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

जुन्या मराठी कागदपत्रांत माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला की मोर्तब. म्हणूनच आपण आजही 'शिक्कामोर्तब' म्हणतो. कागद कोणाचा आणि तो पुरा झाला की नाही, हे त्या दोन खुणांवरून कळे. मंडळाच्या चिन्हाचे कामही तेवढेच साधे आहे. पण ते सगळीकडे व्हायला हवे: एका रंगाच्या रबरी शिक्क्यात, मोबाइलवरच्या नखाएवढ्या गोलात आणि प्रवेशद्वारावरच्या वीस फुटी कमानीवर. बारीक नक्षीचा सुंदर गणपती शिक्क्यात उतरला की शाईचा डाग होतो. म्हणून सुरुवातीलाच एकरंगी रूप करून घ्यावे आणि कितीही मोठे केले तरी न फाटणारी वेक्टर फाइल मंडळाच्या ताब्यात असावी.

शेवटी कायद्याचे. पैसे दिले की हक्क आपला झाला, असा समज आहे. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाचच वर्षे धरली जाते, आणि क्षेत्र लिहिले नाही तर हक्क भारतापुरताच मानला जातो. स्पर्धेतल्या अनोळखी विजेत्याकडून हा कागद मिळवणे किती अवघड, याचा अंदाज आपण करू शकता. समोर बसून काम करणाऱ्याशी तो करार पहिल्याच दिवशी होतो.

म्हणून आमचा प्रस्ताव असा. पहिली गोष्ट, ज्येष्ठ आणि तरुण सभासदांनी एकत्र बसून मंडळ म्हणजे काय, ते एका पानात लिहावे. सभासदांचा खरा सहभाग इथे हवा. दुसरी, तीन डिझायनरांचे आधीचे काम पाहावे, त्यांच्याशी बोलावे, पण फुकट नमुने मागू नयेत. तिसरी, निवडलेल्याला पैसे तीन टप्प्यांत द्यावेत: सुरुवातीला इसार, कच्च्या कल्पनांनंतर दुसरा हप्ता आणि फाइली व हक्काचा कागद हाती आल्यावर शेवटचा. चौथी, अंतिम निवड पाच जणांच्या समितीने करावी. मोबाइलवर हात वर करून चिन्ह ठरवू नये.

आणि स्पर्धा? ती जरूर घ्यावी, पण मुलांसाठी. स्मरणिकेच्या आतल्या पानांसाठी त्यांनी गणपती काढावेत, प्रत्येकाला बक्षीस द्यावे आणि प्रत्येक चित्राखाली त्याचे नाव छापावे. स्पर्धेचा आनंद तिथे शोभतो.

खर्चाचा आकडा बक्षिसापेक्षा जास्त आहे, हे आम्ही लपवत नाही. पण हे चिन्ह आपल्या नातवंडांच्या हातातल्या पावतीवरही असेल. तेवढ्या वर्षांत तो खर्च वाटून पाहावा आणि मग मत द्यावे, एवढीच सभेला विनंती.

गणपती बाप्पा मोरया!