चौसष्ट दिवसांचा जगज्जेता

(क्रीडाविषयक व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

१० जुलै १९५१ च्या रात्री लंडनमधील अर्ल्स कोर्टचे भव्य सभागृह अठरा हजार प्रेक्षकांनी भरून गेले होते. रिंगणाच्या एका कोपऱ्यात अमेरिकेचा शुगर रे रॉबिन्सन होता. मिडलवेट गटाचा हा जगज्जेता एकशे तीसच्या आसपास व्यावसायिक लढतींत केवळ एकदा पराभूत झाला होता, आणि त्या पराभवालाही आठ वर्षे लोटली होती. दुसऱ्या कोपऱ्यात तेवीस वर्षांचा एक सावळा तरुण उभा होता. नाव रँडॉल्फ टर्पिन. गाव इंग्लंडच्या वॉरिकशायरमधील लेमिंग्टन. पाच वर्षांपूर्वी हा तरुण ब्रिटनच्या शाही नौदलात आचारी होता.

लढत पूर्ण पंधरा फेऱ्या चालली. अखेर पंचांनी हात उंचावला तो टर्पिनचा! ज्याला हरवणे अशक्यप्राय मानले जात होते, त्या रॉबिन्सनला नौदलाच्या भटारखान्यातून आलेल्या पोराने हरवले होते. अवघे ब्रिटन त्या रात्री आनंदाने न्हाऊन निघाले.

त्यानंतर चौसष्ट दिवसांनी ते जगज्जेतेपद गेले. पंधरा वर्षांत टर्पिनही गेला, तेव्हा त्याचे वय अवघे सदतीस होते. या दोन घटनांच्या मधला प्रवास आज समजून घ्यायचा आहे. कारण त्या प्रवासाने विचारलेला प्रश्न एका मुष्टियोद्ध्यापुरता नाही. समाज आपल्या वीरांचा जयजयकार करतो, पण त्यांची जबाबदारी कोण घेतो?

साम्राज्याचा सैनिक आणि त्याची मुले

टर्पिनचे वडील लायोनेल हे दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गयानाचे, म्हणजे आजच्या गयाना देशाचे. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटनच्या बाजूने पश्चिम आघाडीवर लढले. विषारी वायूने त्यांची फुफ्फुसे निकामी झाली. ७ जून १९२८ रोजी रँडॉल्फ जन्मला आणि १९२९ साली वडील निवर्तले. मागे राहिली ती इंग्रज माता बीट्रिस आणि पाच मुले. आईने घरकामे करून संसार ओढला. रँडॉल्फ सर्वांत धाकटा. बालपणी पोहताना झालेल्या अपघातामुळे त्याला ऐकू कमी येत असे.

ज्या साम्राज्यासाठी पित्याने प्राण झिजवले, त्याने पुत्रांना काय दिले? ब्रिटिश मुष्टियुद्धाच्या नियामक मंडळाचा एक नियम होता: राष्ट्रीय विजेतेपदासाठी लढणाऱ्याचे आई-वडील दोघेही गौरवर्णीय असले पाहिजेत! मँचेस्टरचा लेन जॉन्सन हा १९२०च्या दशकातील उत्तम मुष्टियोद्धा. पण त्याचे वडील कृष्णवर्णीय होते, म्हणून त्याला राष्ट्रीय पदासाठी कधीही लढू दिले गेले नाही.

या भेदाचे मूळ साम्राज्याच्या भीतीत होते. १९११ साली कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन आणि इंग्रज बिली वेल्स यांची लढत लंडनच्या अर्ल्स कोर्ट भागातच ठरली होती. विन्स्टन चर्चिल तेव्हा गृहमंत्री होते. शासनाने ती लढत होऊ दिली नाही. काळ्या माणसाने गोऱ्याला चारचौघांत लोळवले, तर वसाहतींतील प्रजा काय समजेल, ही धास्ती त्यामागे होती. त्या प्रजेत आपले आजे-पणजेही होते, हे विसरता येत नाही. राज्य करणाऱ्याला तोफांची गरज लागते, पण त्याहून अधिक गरज लागते ती आपण अजिंक्य आहोत या समजुतीची. एका ठोशाने ती समजूत तडकू शकते, हे लंडनमधील राज्यकर्त्यांना पुरते ठाऊक होते.

हा वर्णभेदाचा नियम अखेर मागे घेतला गेला, आणि २८ जून १९४८ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर रँडॉल्फचा थोरला भाऊ डिक टर्पिन याने मिडलवेट गटाचे ब्रिटिश विजेतेपद पटकावले. ते मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. भिंत थोरल्याने पाडली, म्हणून धाकटा पुढे जाऊ शकला.

नौदलाची चौकट

रँडॉल्फ मुष्टियुद्ध शिकला तो लेमिंग्टनमधील मुलांच्या क्लबात. १९४५ साली, कोवळ्या वयात, त्याने वेल्टरवेट गटाचे राष्ट्रीय हौशी विजेतेपद मिळवले. पुढे तो नौदलात भरती झाला. काम स्वयंपाकाचे. हे काम हलके मानू नये. वेळेवर शिजलेले अन्न ही सैन्याची पहिली शिस्त असते. नौदलात असतानाच १९४६ साली त्याने मिडलवेट गटाचेही हौशी विजेतेपद जिंकले.

सैनिकी जीवनात माणसाभोवती एक चौकट असते. उठण्याची वेळ ठरलेली, जेवणाची ठरलेली, हिशेब ठेवणारा कोणी वेगळा आणि चुकल्यास रोखणारा कोणी वरिष्ठ. वडिलांविना वाढलेल्या मुलाला अशा चौकटीचे मोल अधिक. पण १९४६च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, टर्पिनने व्यावसायिक रिंगणात पाऊल टाकले. तिथे पैसा होता, टाळ्या होत्या; चौकट मात्र ज्याची त्याने उभारायची होती.

देहाची चौकट त्याने उत्तम उभारली. मुष्टियोद्ध्याने वजने उचलली तर स्नायू जखडतात, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. टर्पिनने तो मानला नाही. वजनांच्या व्यायामाने त्याने खांदे आणि बाहू असे घडवले, की त्याचा ठोसा मोठ्या वजनाच्या मल्लांनाही जड जाई. १९४८ साली अल्बर्ट फिंच आणि फ्रान्सचा ज्याँ स्टॉक यांच्याकडून तो हरला, पण खचला नाही. पुढे याच फिंचने डिकचे ब्रिटिश पद हिरावले, तेव्हा १९५०च्या ऑक्टोबरमध्ये रँडॉल्फने त्याला पाचव्या फेरीत नॉकआउट करून भावाचे गेलेले पद घरी आणले. फेब्रुवारी १९५१ मध्ये नेदरलँड्सच्या लूक व्हॅन डॅमला अवघ्या अठ्ठेचाळीस सेकंदांत आडवे करून तो युरोपचा विजेता झाला, आणि जुलैमध्ये जगाचा.

आठ सेकंद

विजयानंतर लेमिंग्टनमध्ये त्याच्या स्वागताला हजारो लोक रस्त्यावर उतरले. ज्या गावात हे सावळे कुटुंब वेगळे म्हणून उठून दिसे, त्याच गावाने त्याला डोक्यावर घेतले. पण करारानुसार रॉबिन्सनला परतीची लढत द्यायची होती. १२ सप्टेंबर १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर एकसष्ट हजारांवर प्रेक्षक जमले. दहाव्या फेरीत रॉबिन्सनच्या डोळ्यावरची जखम उघडली. रक्ताने चेहरा माखला. आता पंच लढत थांबवतील, या जाणिवेने तो त्वेषाने तुटून पडला. टर्पिन कोसळला, उठला, आणि दोरांना पाठ लावून मार सोसत राहिला. पंचांनी लढत थांबवली तेव्हा फेरी संपायला केवळ आठ सेकंद उरले होते.

टर्पिन संपला असे मात्र नव्हे. १९५२ साली त्याने वरच्या वजनगटातल्या डॉन कॉकेलला हरवले. १९५३ साली फ्रान्सच्या शार्ल युमेझवरही विजय मिळवला. मात्र त्याच वर्षी रिक्त जगज्जेतेपदासाठी न्यूयॉर्कमध्ये कार्ल ओल्सनविरुद्ध तो गुणांवर हरला. १९५४ साली रोममध्ये तिबेरिओ मित्रीने त्याला पहिल्याच फेरीत लोळवले. अधूनमधून ब्रिटिश विजेतेपदे मिळत राहिली. १९५८ साली तो निवृत्त झाला. एकूण कारकिर्दीत पंचाहत्तर लढतींत सहासष्ट विजय त्याच्या नावावर आहेत.

टाळ्या थांबल्यावर

मिळालेला पैसा टिकला नाही. वेल्समधील लँडुड्नो येथे भागीदारीत घेतलेले हॉटेल तोट्यात गेले. मागणाऱ्याला नाही म्हणणे त्याला जमत नसे. दिलेले परत आले नाही. मग प्राप्तिकर खात्याची मागणी आली, आणि तोवर देण्यासारखे काही उरलेच नव्हते. १९६२ साली तो दिवाळखोर ठरला. जगज्जेता आपल्या जुन्या व्यवस्थापकाच्या भंगाराच्या आवारात मजुरी करू लागला. पोटासाठी कुस्तीच्या दिखाऊ फडांत उतरला. लेमिंग्टनमध्ये ट्रकचालकांसाठीचे एक छोटे उपाहारगृह होते. नौदलातील ज्या चुलीपासून तो निघाला होता, तिच्याचजवळ परत आला. १७ मे १९६६ रोजी त्याच गावात त्याचा अंत झाला. त्याने स्वतःच जीवनयात्रा संपवली, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. मागे पत्नी आणि चार मुली राहिल्या.

यात सारा दोष इतरांचा म्हणणे न्यायाचे होणार नाही. व्यवहार त्याला कधी जमला नाही. पहिला संसारही कटुतेने मोडला. परंतु अठराव्या वर्षापासून केवळ मूठ चालवायला शिकवलेल्या माणसाकडून हिशेबाची शहाणीव अपेक्षिणारे, त्याच्या मिळकतीतून आपला वाटा मात्र चोख घेत होते, हेही तितकेच खरे.

पुढे २००१ साली वॉरिकच्या बाजार चौकात त्याचा पुतळा उभा राहिला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध गौरव दालनात त्याचे नाव कोरले गेले. मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी! पुतळा उभारणे चांगलेच; पण पुतळ्याला भूक लागत नाही, पुतळ्याच्या दारी वसुलीची नोटीस येत नाही. म्हणूनच जिवंत माणसापेक्षा पुतळ्याचा सन्मान करणे नेहमी सोपे जाते.

सज्जनहो, गर्दी आणि समाज यांतला फरक इथेच आहे. गर्दी विजयाच्या रात्री जमते आणि पहाटेपूर्वी पांगते. समाज पराभवाच्या दुसऱ्या दिवशी दार ठोठावतो. प्रत्येक गावात एखादा थकलेला मल्ल असतो, कबड्डीचे मैदान गाजवून आता गुडघे धरून बसलेला खेळाडू असतो, सैन्यातून परतलेला जवान असतो. त्याचे निवृत्तिवेतन वेळेवर येते काय, मुलीचे शिक्षण चालू आहे काय, कागदपत्रे कोणी वाचून दाखवतो काय, हे विचारायला मोठी संस्था लागत नाही. शेजारी पुरतो. आणि उगवत्या खेळाडूला ठोसा शिकवताना कोणी पासबुक वाचायलाही शिकवले, तर तेही प्रशिक्षणच होय.

पोलो ग्राउंड्सवर टर्पिनला आठ सेकंद कमी पडले. त्याला पुढे चौदा-पंधरा वर्षे मिळाली होती. त्या काळात त्याच्या शेजारी बसून हिशेबाची वही उघडणारा एक माणूस कमी पडला. आपल्या गावात तो माणूस कमी पडू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.