सीमेपलीकडे नेलेलें मूल

अनोळखी माणसानें मूल पळविलें तर काय करावें हें कोणाला सांगावें लागत नाहीं. परंतु नेणारी व्यक्ति त्या मुलाची आई किंवा बापच असेल, आणि नेण्याचें ठिकाण दुसऱ्या देशांतील आजीचें घर असेल, तर? मुलाला एवढेंच सांगितलेलें असतें कीं, सुटींत आजीकडे जाऊं. परतीचें तिकीटहि काढलेलें असतें. सुटी संपते, तिकिटावरची तारीख उलटते, आणि मागें राहिलेल्या पालकाला कळतें कीं, आतां कोणी परत येणार नाहीं. मूल गुपचूप नेणें आणि सुटीला नेऊन परत न आणणें, या दोन्ही गोष्टींना आंतरराष्ट्रीय करार एकाच मापानें मोजतो. त्या कराराविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

पूर्वीं अशा प्रसंगीं काय होई? ज्या देशांत मूल नेलें, तेथील न्यायालय पुष्कळदां साऱ्या प्रकरणाची चौकशी पहिल्यापासून करी. न्यायाधीशासमोर उभा असलेला पालक त्याच देशाचा, त्याच भाषेचा, साक्षीदार शेजारचे. दुसरा पालक हजारों मैल दूर आणि परक्या वकिलावर विसंबलेला. पहिल्या देशांतील हुकमाला दुसऱ्या देशांत मान मिळेलच असें नसे. म्हणजे ज्याला एका न्यायालयांत हरण्याची भीति वाटे, त्यानें मुलाचा हात धरून विमानांत बसावें आणि आपल्या सोयीचें न्यायालय निवडावें, असा तो व्यवहार होता.

हेग शहरीं निरनिराळ्या राष्ट्रांच्या खासगी कायद्यांत मेळ घालणारी एक परिषद १८९३ पासून भरत आली आहे. तिचे प्रवर्तक डच विधिज्ञ टोबियास आसर यांना १९११ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. याच परिषदेनें २५ ऑक्टोबर १९८० रोजीं मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयींचा करार सिद्ध केला आणि १ डिसेंबर १९८३ पासून तो अंमलांत आला. आज शंभराहून अधिक राष्ट्रें त्यांत सामील आहेत.

या कराराचें मर्म पुष्कळ सुशिक्षितांच्याहि ध्यानांत येत नाहीं. त्यांना वाटतें, मूल परत पाठविणें म्हणजे तें दुसऱ्या पालकाच्या हवालीं करणें. तसें नाहीं. आई चांगली कीं बाप चांगला, हा प्रश्न करार विचारीतच नाहीं. तो एवढेंच विचारतो कीं, नेण्यापूर्वीं मुलाचें नित्याचें राहणें कोठें होतें? त्याची शाळा, त्याचे सवंगडी, त्याचा डॉक्टर कोणत्या गांवीं होता? त्या देशाच्या न्यायालयानें ताब्याचा निवाडा करावा, आणि त्यासाठीं सोळा वर्षांखालील मूल त्या देशीं परत जावें. परत पाठविण्याचा हुकूम हा ताब्याचा निकाल समजूं नये, असें एकोणिसाव्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे. परत गेल्यावर तेथील न्यायाधीश तेंच मूल नेणाऱ्या पालकाच्या ताब्यांत देऊं शकतो. पासपोर्ट कोणत्या देशाचा, हा मुद्दाहि येथें निर्णायक नाहीं.

यासाठीं प्रत्येक राष्ट्रानें एक मध्यवर्ती अधिकारी नेमावयाचा असतो. मागें राहिलेल्या पालकानें आपल्याच देशांतील अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. मूल शोधणें, सामोपचाराचा यत्न करणें, न्यायालयाची वाट मोकळी करून देणें, हें काम दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनीं मिळून करावयाचें.

सहा आठवड्यांत निकाल लागावा, अशी कराराची अपेक्षा आहे. प्रत्यक्षांत पुष्कळदां तितक्यांत लागत नाहीं, ही गोष्ट वेगळी. ही घाई कशासाठीं, हें वकिलांपेक्षां शिक्षक अधिक लवकर ओळखील. परदेशांतून आलेलें सहा-सात वर्षांचें मूल जूनमध्यें वर्गांत बसतें तेव्हां त्याला शेजारच्याची पाटीहि मागतां येत नाहीं. दिवाळीच्या सुटीपर्यंत तें मराठींत भांडूं लागतें. पुढच्या जूनमध्यें पहिल्या घराच्या गोष्टी तें ऐकल्यासारख्या सांगतें, पाहिल्यासारख्या नव्हे. मोठ्या माणसांचें एक वर्ष आणि मुलाचें एक वर्ष यांची लांबी सारखी नसते. एक वर्ष उलटल्यावर अर्ज आला आणि मूल नव्या ठिकाणीं रुळलें असें सिद्ध झालें, तर त्याला परत पाठविण्याचें बंधन उरत नाहीं, असें बाराव्या कलमांत म्हटलें आहे. यांतील शहाणपण उघड आहे. परंतु म्हणूनच लांबण लावणाऱ्याचा त्यांत लाभहि आहे.

आतां दुसरी बाजू. करार झाला त्या वेळीं, ताबा गमावलेला बाप मूल पळवितो, असें चित्र मुख्यतः डोळ्यांपुढें होतें. पुढें पाहण्या झाल्या तेव्हां असें दिसलें कीं, नेणाऱ्यांपैकीं दोन-तृतीयांशांहून अधिक आया आहेत, आणि त्यांतील बहुतेकींनींच त्या मुलांना रोज न्हाऊंमाखूं घातलें आहे. कांहीं जणी मारहाणीला भिऊन माहेरीं आलेल्या असतात. त्यांना अपहरण करणारी म्हणावें कीं आश्रय शोधणारी? परत जाण्यानें मुलाला शारीरिक वा मानसिक इजेचा गंभीर धोका असेल तर न्यायालयानें नकार द्यावा, अशी सवलत तेराव्या कलमांत आहे. समजत्या वयाच्या मुलाचा विरोधहि विचारांत घेतला जातो. आईला होणारी मारहाण हा मुलालाहि धोका मानावा काय, हा वाद मात्र अद्याप जिवंत आहे. २०२४ सालीं दक्षिण आफ्रिकेंत सँडटन येथें केवळ याच विषयावर आंतरराष्ट्रीय चर्चा झाली.

भारत या करारांत सामील नाहीं. विधि आयोगानें २००९ सालीं सामील होण्याची शिफारस केली. २०१६ सालीं पुन्हां अहवाल दिला, विधेयकाचा मसुदाहि तयार झाला. २०१८ सालीं न्यायमूर्ति राजेश बिंदल यांच्या समितीचाहि अहवाल आला. अडचण सांगितली जाते ती आपल्या लेकींचीच. नवऱ्याच्या व्हिसावर परदेशीं गेलेली, जवळ पैसा नाहीं, आप्त नाहींत, अशी मुलगी मुलासह परत आली तर तिला पुन्हां त्याच ठिकाणीं ढकलावयाचें काय? हा प्रश्न खोटा नव्हे.

परंतु करार नाहीं म्हणून निश्चिती आहे, असेंहि नाहीं. मिशिगनच्या न्यायालयानें ताबा आईकडे दिला असतां वडिलांनीं पुण्यास आणलेलें मूल १९८६ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें आईच्या स्वाधीन केलें. २०१७ सालीं त्याच न्यायालयानें ठरविलें कीं, परकीय हुकूम ही विचारांत घेण्याच्या गोष्टींपैकीं केवळ एक. मुलाचें हित सर्वांवर. तत्त्व उत्तम आहे. पण हित कशांत, हें ठरेपर्यंत हेबिअस कॉर्पसचे अर्ज आणि १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालील तारखा चालतात, आणि मूल तेवढ्यांत मोठें होतें.

शिवाय उलट दिशेचें कोणी बोलत नाहीं. मुंबईंतील आईचें मूल बापानें परदेशीं नेलें तर तिनें कोणाचें दार ठोठवावें? त्या देशानें करारावर सही केलेली असेल. आपण केलेली नाहीं, म्हणून कराराचा तो रस्ता तिला बंद. जिच्या रक्षणासाठीं आपण बाहेर राहिलों, तिच्याच हातीं कांहीं राहत नाहीं.

जपानहि अनेक वर्षें अशाच शंकांनीं बाहेर होता. १ एप्रिल २०१४ पासून तो करारांत आला, पण स्वतःचा कायदा करून. मुलावर वा पालकावर अत्याचार होण्याची शक्यता न्यायाधीशानें धोक्याचा विचार करतांना पाहावी, असें त्यानें त्यांत लिहून ठेवलें. माझ्या मतें आपला मार्गहि हाच असावा.

तोंवर ज्यांच्या घरीं असा ताण आहे त्यांनीं प्रवासापूर्वींच परतीच्या तारखेसह लेखी संमति करून घ्यावी. भीति खरी असेल तर मूल देशाबाहेर नेण्यास न्यायालयाची मनाई आधींच मागावी, आणि मूल गेलेंच तर 'पाहूं, येतील' म्हणत महिने घालवूं नयेत. मूल ज्यांच्या घरीं येऊन राहिलें आहे, त्या आजी-आजोबांनीं मुलाचा दुसऱ्या पालकाशीं दूरध्वनीवर बोलण्याचा क्रम मोडूं देऊं नये. खटला कोणत्याहि देशांत चालो, रविवारीं सकाळीं दहा मिनिटें बोलूं देण्यास कोणत्याहि न्यायालयाचा हुकूम लागत नाहीं.