हृदयाची लय आणि विश्वस्त निधीचा विनियोग

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या हृदयरोग विभागात ‘कॅथेटर ॲब्लेशन’ची सुविधा सुरू करावी व त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री देणगीतून घ्यावी, अशी सूचना आली आहे. सूचनेमागील भावनेबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही हिशेबाच्या शाखेतील. तरीही यंत्र घेण्यापूर्वी त्याचा लाभ कोणास व किती, हे तज्ज्ञांकडून समजून घेणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो. ते आपणापुढे मांडतो.

‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे लयीत आकुंचन न पावता नुसतेच थरथरतात. नाडी अनियमित होते, धडधड व दम लागतो. कित्येकांना मात्र काहीच जाणवत नाही. डाव्या वरच्या कप्प्याच्या पिशवीसारख्या भागात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो.

अमेरिकेतील सेंट लुईस येथे डॉ. जेम्स कॉक्स यांनी १९८७ मध्ये यावर छाती उघडून करावयाची ‘मेझ’ शस्त्रक्रिया केली. पुढे १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील डॉ. मिशेल हायसागेर व सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विकार सुरू करणारे विद्युत-ठोके बहुतांशी फुप्फुसाकडून हृदयाकडे येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उगम पावतात, असे त्यांना आढळले. जांघेतील शिरेतून नळी हृदयापर्यंत नेऊन या शिरांभोवती व्रणांचे कडे निर्माण करणे व त्या ठोक्यांची वाट अडविणे, हा ॲब्लेशनचा गाभा आहे.

हे कडे रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने करता येते किंवा गोठविणाऱ्या फुग्याने. २०१६ च्या ‘फायर अँड आइस’ चाचणीत ७६२ रुग्णांमध्ये फुग्याची पद्धत उष्णतेच्या पद्धतीपेक्षा उणी ठरली नाही. अलीकडच्या ‘पल्स्ड फील्ड’ पद्धतीत अतिसूक्ष्म काळाचे विद्युत-स्पंद वापरतात. त्यांचा परिणाम मुख्यत्वे हृदयाच्या स्नायूवर होत असल्याने अन्ननलिकेस इजा होण्याचा संभव कमी मानला जातो. २०२३ च्या ‘ॲडव्हेंट’ चाचणीत वर्षअखेरीस तिचे यश सुमारे ७३ टक्के, तर उष्णता व फुगा या जुन्या पद्धतींचे ७१ टक्के होते. म्हणजे नव्या यंत्रानेही चारांतील एकास पुन्हा त्रास होऊ शकतो. हृदयाभोवती रक्त साचणे, पक्षाघात यांसारखे धोके थोडे असले तरी आहेतच.

लाभाचे मोजमापही नेमके हवे. २०१९ च्या ‘कबाना’ चाचणीत २,२०४ रुग्ण होते. ॲब्लेशनमुळे विकार पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटले व रुग्णांचे जीवनमान सुधारले. परंतु मृत्यू, गंभीर पक्षाघात, मोठा रक्तस्राव व हृदयक्रिया बंद पडणे यांच्या एकत्रित प्रमाणात औषधोपचाराच्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला नाही. हृदय दुर्बल झालेल्या निवडक रुग्णांत मात्र २०१८ च्या ‘कॅसल-एएफ’ चाचणीत मृत्यू किंवा हृदयदौर्बल्यासाठी दाखल होण्याचे प्रमाण ४४.६ टक्क्यांवरून २८.५ टक्के इतके कमी आढळले. पक्षाघाताचा धोका अधिक असलेल्यांना ॲब्लेशन यशस्वी झाल्यावरही रक्त पातळ ठेवणारी औषधे चालूच ठेवावी लागतात.

आपल्या देशात संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेले रुग्ण अद्याप बरेच आहेत. त्यांचा मूळ दोष झडपेत असल्याने केवळ ॲब्लेशनने त्यांचे काम भागत नाही. संधिवातजन्य हृदयविकार असलेल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांच्या २०२२ मधील ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत रिव्हारोक्सॅबॅन या नव्या औषधापेक्षा जुन्या वॉरफरीन वर्गातील औषधे सरस ठरली. ती स्वस्त आहेत. मात्र त्यांना नियमित आयएनआर तपासणी लागते. गावाकडून येणाऱ्या रुग्णास एसटीचे भाडे व बुडालेली मजुरी यांमुळे हीच तपासणी जड जाते.

आता हिशेब. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. ॲब्लेशनचे यंत्र हा एकदाचा भांडवली खर्च आहे. परंतु प्रत्येक रुग्णासाठी लागणाऱ्या महागड्या नळ्या व प्रशिक्षित चमू हा आवर्ती खर्च आहे. पहिल्यासाठी देणगी मिळते, दुसऱ्याचा भार निधीवर पडतो. शिवाय हे कौशल्य सातत्याने काम केल्यानेच टिकते. रुग्णसंख्या अल्प असेल तर यंत्र झाकून ठेवण्याची वेळ येते.

म्हणून आमचा प्रस्ताव असा आहे. प्रथम, बाह्यरुग्ण विभागात ६५ वर्षांवरील प्रत्येकाची नाडी तपासावी व ती अनियमित आढळल्यास ईसीजी काढावा. दुसरे, गरजूंची आयएनआर तपासणी सवलतीत व्हावी. तिसरे, ज्यांना ॲब्लेशनचा खरा लाभ आहे अशांना अनुभवी केंद्राकडे पाठवून त्यांच्या नळ्यांचा खर्च उचलण्यासाठी स्वतंत्र निधी उभारावा. पुरेशी रुग्णसंख्या व तज्ज्ञ उपलब्ध झाल्यावर यंत्राचा विचार अवश्य व्हावा.

यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, टळलेल्या पक्षाघातावर ती लावता येत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही आपण या प्रस्तावास पाठबळ द्याल, अशी नम्र विनंती करून आम्ही आमचे निवेदन संपवितो.