सल्लागार संस्थेतील नोकरी : लाभ आणि मर्यादा



सल्लागार संस्थेतील नोकरीचे लाभ उघड आहेत. थोड्या वर्षांत अनेक क्षेत्रांची ओळख होते, आकडेवारी तपासण्याची शिस्त लागते, वेतनही चांगले मिळते. तिची मर्यादा मात्र चटकन दिसत नाही. त्या दृष्टीने तंजावरचे उदाहरण उद्बोधक आहे.

फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञगटाने १९५९ मध्ये भारताच्या अन्नटंचाईवर अहवाल सादर केला. निवडक जिल्ह्यांत बियाणे, खते, कर्ज आणि मार्गदर्शन एकत्रितपणे पुरवावे, असा त्याचा रोख होता. त्यातून १९६०-६१ मध्ये सघन कृषी जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या सात जिल्ह्यांत कावेरीच्या पाण्यावर भात पिकविणारा तंजावर होता. पापनाशम हा त्याचाच भाग.

व्यापक अनुभव आणि त्रयस्थ दृष्टी हे बाहेरच्या तज्ज्ञांचे बळ होते. परंतु या खोऱ्यात जमिनीची मालकी मोजक्यांकडे होती आणि राबणारे बहुसंख्य कुळे व शेतमजूर होते. उत्पादनवाढीच्या आराखड्यात हा प्रश्न गौण राहिला. डिसेंबर १९६८ मध्ये तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे मजुरीच्या संघर्षात ४४ दलितांना जिवंत जाळण्यात आले. याचा दोष अहवालावर ठेवता येणार नाही. पण पीक वाढले म्हणून वाटणीचा प्रश्न सुटत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

सल्लागार अहवाल देऊन पुढील कामाला लागतो. परिणाम गावाच्या वाट्याला येतात. म्हणून या व्यवसायात जाणाऱ्याने प्रत्येक शिफारशीपूर्वी विचारावे : लाभ कोणाला आणि भार कोणावर?